मेंढरं बसवायची वेबसाईट

भाईंनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला होता.

"पर्ल येती का?"

"नाय येत," मी खरं ते सांगितलं.

"मग बेस झालं. दुसऱ्यानं शिकवलेलं पुसत बसावं नाय लागणार. सोमवारपासून या."

ऑफिस छावणीच्या बाजारात होतं, फौजींचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानाच्या वर. दुकान भाईंच्या वडिलांचं, वरच्या दोन खोल्या भाईंच्या. खाली शिलाई मशिनी घरघरायच्या, वर आमचे कीबोर्ड. भाई चाळिशीचे, अंगानं भक्कम, आणि त्यांचं बोलणं म्हणजे मराठी आणि दखनी उर्दूचं एकत्र कालवण. शहरातल्या बाकीच्या कंपन्यांमध्ये तेव्हा प्रोग्रामिंगच्या दुसऱ्याच भाषांचं वारं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणी मला म्हणायच्या, "पर्ल? ते अजून हाय का?" मला काय फरक पडत नव्हता. पाचोडजवळच्या वाडीवरून आलेली मी. आमच्या घरी मेंढरं. खुर्चीवर बसून पगार घेणारी घरातली पहिली मीच, आणि कोणत्या भाषेत बसून घेते हे घरात कुणी विचारत नव्हतं.

पर्ल मला आवडली. प्रत्येक नावापुढं खूण लावायची. एकच गोष्ट असेल तर डॉलर, रांग असेल तर ॲट. नाव बघितलं की कळतं आत काय आहे. भाई म्हणायचे, "ये भाषा तुझ्या घाईला साथ देती. पण घाईत लिहिलेलं दुसऱ्या दिवशी तुलाच ओळखू येत नाय." ते खरं होतं, आणि त्याचा पुरावा आमच्याच ऑफिसात होता.

ती दुष्काळाची वर्षं होती. आणि त्याच वर्षांत शहर चारी अंगांनी पसरत चाललं होतं. बीड बायपासला, शहराला लागूनच्या सातारा गावाच्या बाजूला, जिथं बघावं तिथं नवी कॉलनी, नवी कमान, कमानीवर फुलांचं नाहीतर नदीचं नाव. आणि नळाला पाणी नाही. बायपासवरच्या एका टँकरवाल्यासाठी भाईंनी वेबसाईट करून दिली होती. सोसायटीनं बुकिंग करायचं, टँकर दारात. धंदा जोरात. पण आतला सगळा प्रोग्राम एकाच फायलीत. डेटाबेसमधून माहिती काढणं, कोणता टँकर कुठं जाणार ते ठरवणं, पानाचा रंग, बटणावरची अक्षरं, सगळं एकात एक गुंतलेलं. बटण निळ्याचं हिरवं करायला जावं आणि बुकिंगच बंद पडावं, अशी गत.

एक दिवस सकाळी भाई दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर आले. अंगाचा घाम पुसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, ती फाईल आपण फेकून देऊ."

"आणि टँकर?"

"नवीन बांधू. पर्लमदीच. फ्रेमवर्क सापडलंय मेरेकू, तयार सांगाडा. मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. तीन कामं, तीन जागा. कुणी कुणाच्या कामात हात नाय घालायचा."

मला काहीच कळलं नाही. भाईंना ते चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी तीन खुर्च्या ओढल्या, एक कपाटापाशी, एक मधोमध, एक खिडकीपाशी. मग स्वतः दाराबाहेर गेले आणि कडी वाजवली. "कोण हाय का? टँकर पायजे!" लगेच आत येऊन मधल्या खुर्चीवर बसले. "मी कंट्रोलर. मागणी मी ऐकली. माझ्याजवळ माहिती नाय, पण कुणाला विचारायचं ते ठाऊक हाय." उठले, कपाटाजवळच्या खुर्चीवर. "मी मॉडेल. टँकर किती, कुठं उभे, सगळं माझ्यापाशी. पान कसं दिसतं ते मला म्हाईत नाय, आणि मेरेकू करनाच क्या है?" पुन्हा मधे, आणि मग खिडकीजवळ. "मी व्ह्यू. मला जे दिलं ते मी सजवून दाखवणार. बाकी मी अडाणी."

एवढा भक्कम माणूस या खुर्चीवरून त्या खुर्चीवर उड्या मारतोय, फरशी हादरतेय. खालून शिलाई मशिनी थांबल्या आणि त्यांच्या वडिलांचा आवाज आला, "ऊपर क्या हो रहा है?"

"कुछ नै अब्बा, टँकर भेज रहे!"

मी पोट धरून हसत होते, आणि हसता हसता मला ते कळलं. पक्कं कळलं.

फ्रेमवर्क बसवणं हा एक वेगळाच सोहळा. त्याला दुसरी मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, लागायची, त्या मॉड्यूलांना तिसरी. इंटरनेट मुंगीच्या चालीनं. पडद्यावर एकामागून एक चाचण्या सरकायच्या आणि प्रत्येकीपुढं 'ओके' उमटायचं. ओके, ओके, ओके. मधेच लाईट जायची. लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाचं सगळं बसलं. भाईंनी एक आज्ञा टाईप केली, फ्रेमवर्कनं आपणहून फोल्डरांचा सांगाडा उभा केला, दुसऱ्या आज्ञेनं सर्व्हर सुरू झाला, आणि काळ्या पडद्यावर टिंबं आणि उभ्या रेघांच्या चौकटी भराभर उमटल्या. कोणता पत्ता मागितला तर कोणतं काम चालणार, सगळं ओळीनं मांडलेलं. मी ब्राउजर उघडला. स्वागताचं पान आलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, जणू काय ते आम्हीच लिहिलं होतं.

टँकरची वेबसाईट आम्ही नवी करून दिली. आता बटणाचा रंग बदलायचा तर मी फक्त व्ह्यूच्या फोल्डरात जायची, आणि टँकर आपले चालूच. मला एवढा आनंद व्हायचा की दर आठवड्याला मी उगाच रंग बदलून बघायची.

त्याच हिवाळ्यात वैनीचा फोन आला. दिवाळी झाली की दादा आणि वैनी मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि पेरणीच्या आधी परत यायचे. दादा मेंढरांत असायचा. फोन, पाणी, स्वयंपाक, मुक्काम कुठं टाकायचा, हे सगळं वैनीकडं. वैनी चौथी शिकलेली, आवाज खणखणीत.

"वन्सं, लई वंगाळ हाय औंदा," ती म्हणाली. "नेहमीच्या शेतांत गेलो तर लोक म्हणत्यात, पाणी आमालाच नाय, मेंढरांला कुठून देऊ. आन् तिकडं पलीकडं म्हणं एक जण मेंढरं बसवाया शोधीत बसलाय, त्याला मेंढरं घावत नायती. आमाला कसं कळावं? तुज्या त्या कंप्युटरात काय दिसतंय का बघ की."

ती चेष्टेत बोलली होती. मी मात्र फोन ठेवला आणि टँकरच्या वेबसाईटचं पान उघडलं.

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. मेंढरं दिवसा राहिलेला पाला खातात, रात्री त्याच शेतात बसतात. त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, आणि मेंढपाळाला धान्य. दोघांनाही एकमेकांची गरज असते. आणि आम्ही वर्षभर काय करत होतो? सोसायटी आणि टँकर यांची गाठ घालून देत होतो!

मी खुर्चीवरून उठले आणि भाईंना ओरडूनच सांगितलं, "भाई, टँकरच्या जागी मेंढरं!"

"क्या?"

"सोसायटीच्या जागी शेत, टँकरच्या जागी मेंढरं! कंट्रोलर जवळजवळ तोच राहतो. मॉडेल नवीन. व्ह्यू नवीन. गाठ घालायचं काम तेच!"

भाईंनी कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला. मग हळूच म्हणाले, "बैठ. लिख."

असं लिहिलं मी तेव्हा, जसं आधी कधी लिहिलं नव्हतं. मॉडेलमध्ये शेत: गाव, पीक कोणतं निघालं, पाणी आहे की नाही. मॉडेलमध्ये कळप: मेंढरं साधारण किती, आत्ता मुक्काम कुठं. शेतकऱ्यानं ऑफिसात फोन करायचा, मी माहिती भरायची. जवळच्या कळपाला आपोआप मराठीत मेसेज जायचा. जेवायचा डबा तसाच राहायचा. खालून भाईंचे वडील चहा पाठवायचे आणि चहावर साय धरायची.

पहिल्यांदा मराठीत माहिती भरली आणि पान उघडलं, तर 'पाचोड'च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली कुठली परकी अक्षरं! जुन्या फायलीत असं झालं असतं तर आठवडा गेला असता. भाई म्हणाले, "घाबरू नक्को. एक-एक खुर्चीला विचार." मी आधी मॉडेलला विचारलं. डेटाबेसमधून 'पाचोड' नीट निघत होतं. कंट्रोलरपाशी छापून बघितलं. तिथंही नीट. मग राहिला कोण? व्ह्यू. आधीच युनिकोडमध्ये बदललेली अक्षरं तो पुन्हा एकदा बदलत होता. एक ओळ काढली, पान ताजं केलं, आणि पडद्यावर माझ्या गावाच्या बाजाराचं नाव स्वच्छ देवनागरीत आलं. पर्लच्या पानावर 'पाचोड'! मी त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं.

मग बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेले. ऑफिसचा नंबर छापलेल्या चिठ्ठ्या घेऊन मेंढरांच्या बाजारात उभी राहिले. लोक चिठ्ठी घ्यायचे, उलटसुलट बघायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सरकारी हाय का?"

"नाय आबा, आमचंच हाय."

"मग लागंल फोन," म्हणाला आणि चिठ्ठी फेट्यात खोचली.

फोन लागले. पहिल्या दिवशी एक, मग रोज. दुष्काळातही ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं असे शेतकरी निघाले, मेंढपाळही निघाले. पहिली गाठ पडली ती दादा-वैनीच्याच कळपाची, करमाडच्या एका शेताशी. मेसेज गेल्यावर वैनीचा लगेच फोन आला. तिनं मला तो मेसेज अक्षर अक्षर लावून वाचून दाखवला, जणू काय तो मी पाठवलाच नव्हता. "वन्सं, माज्या फोनात तुजं शेत आलंय!"

करमाडला त्यांचा बरा मुक्काम झाला. पण उन्हं वाढली तशी तिथली विहीर तळाला गेली, आणि तेव्हाच मिटमिट्याच्या पुढच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. कापूस वेचून झालेला, पऱ्हाटीला अजून पाला, विहिरीला पाणी. मेंढरं पाहिजेत, लवकर पाहिजेत. कंट्रोलरनं गाठ घातली ती पुन्हा दादाच्याच कळपाशी. अडचण एकच. करमाड शहराच्या या टोकाला आणि मिटमिटा त्या टोकाला.

"मधी अख्खं शहर पडलंय की," दादा फोनवर म्हणाला. दादा एरवी फोनवर बोलतच नसे. "बारका असताना आलो होतो तिकडनं. आता वाट ऱ्हायली नसंल."

मी भाईंना सांगितलं. भाई छावणीत वाढलेले. त्यांनी टेबलावर बोटानं रस्ता काढला. "बायपासच्या कडेनं या, मग खामच्या काठानं. नदी कोरडीच हाय. छावणीतून मी काढतो बाहेर. मी येतो ना."

आणि खरंच आले. कळप आदल्या रात्री बायपासच्या तोंडाशी मुक्कामाला आला होता. दिवस उजाडता उजाडता भाई स्कूटरवर पुढं, दोन्ही बाजूंचे लाल-पिवळे दिवे चालू. त्यांच्या मागं दादा, खांद्यावर घोंगडं. मग मेंढरांचा लोंढा. बाजूनं घोड्यावर संसार. आणि मागं वैनी आणि मी. मी पंजाबी ड्रेसवर बूट घातलेले, हातात काठी. कित्येक वर्षांनी मी मेंढरांमागं चालत होते, आणि अशा रस्त्यावरून की जिथून रोज मी सिटी बसनं ऑफिसला जायची. शाळेच्या बसगाड्या थांबल्या. खिडक्यांतून पोरं ओरडायला लागली. सकाळी फिरायला निघालेले लोक मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले.

एका नव्या कॉलनीच्या कमानीपाशी टँकर उभा होता, पाईपातून पाणी गळत होतं. मेंढरांना त्याचा वास लागला. पुढची वळली, मग सगळीच वळली. क्षणात टँकरभोवती लोकरच लोकर. ड्रायव्हर वरून ओरडतोय, दादा चक् चक् करतोय, पण तहानलेली मेंढरं ऐकतात होय? ड्रायव्हर हात उगारून खाली उतरला, आणि स्कूटरवर भाई दिसले तसा थबकला.

"अरे भाई, तुम्ही? बुकिंगवाले भाई ना? आता हे काय आणलं?"

"ही पण बुकिंगच हाय," भाई म्हणाले.

हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांपैकी एक पुढं आली. मला वाटलं, आता भांडण. तिनं आपला भरलेला हंडा खाली ठेवला, बाजूचं एक घमेलं उपडं होतं ते सुलटं केलं आणि हंडा त्यात ओतला. "पिऊ द्या," म्हणाली. "आमच्या माहेरी पण मेंढरं हायती." मग दुसरीनं ओतला. वैनीनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढलाही, कारण मेंढरं घमेलं उलटं करायच्या बेतात होती.

छावणीतून जाताना भाईंचे वडील दुकानाच्या पायरीवर उभे होते, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी कपाळाला हात लावून आम्हाला सलाम केला, आणि मेंढरं संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.

दुपार कलली तेव्हा आम्ही शेतावर पोचलो. शेतकरी बांधावर वाट बघत उभा. मेंढरं पऱ्हाटीत शिरली आणि पाला तोडायचा तो एकसारखा चुरचुर आवाज सुरू झाला. मला नाचावंसं वाटत होतं. कोडच्या ओळी, खुर्च्या, त्या चौकटी, आणि शेवटी हा आवाज!

वैनी मात्र विहिरीत वाकून बघून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वन्सं, पाणी हाय म्हणून लिवलं होतंस. हाय. पण हौद कुठं हाय? एवढ्या मेंढरांला हिरीतून शेंदून कोन पाजणार? मी! पाणी हाय आन् हौद हाय, या दोन गोष्टी येगळ्या लिवायला पायजे."

शेतकरी ओशाळून म्हणाला, "मोटार जळलीया, उद्या बसवतो. हौदबी आणतो."

भाईंनी बाभळीखाली बसून पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला. "आत्ताच करू," म्हणाले. "काय पायजे ते सांगा, वैनी."

वैनी त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढला, मॉडेलला तो कळला, व्ह्यूमध्ये मी एक ओळ घातली. कंट्रोलरला आम्ही हातही लावला नाही. भाईंनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. टिंबं आणि रेघांच्या चौकटी भर दुपारी, भर रानात भराभर उमटल्या. वैनीनं विचारलं, "ह्ये काय?" भाई म्हणाले, "हे म्हणतंय, मी तय्यार हाय." मी पान उघडलं. मिटमिट्याच्या शेतापुढं नवी ओळ होती: 'हौद: नाही.'

"आता बरं दिसतंय," वैनी म्हणाली. "उद्या मोटार आन् हौद बसला की 'हाय' कर."

दुसऱ्या दिवशी मोटार बसली, शेतकऱ्यानं प्लास्टिकचा एक जुना हौदही आणला, आणि मी ऑफिसातून ती ओळ बदलली.

ती वेबसाईट पुढं काही हंगाम चालली. गेवराईकडचे, जालन्याकडचे कळपही तिच्यात आले. वैनी रस्त्यात भेटेल त्या मेंढपाळाला आमचा नंबर द्यायची आणि वर सांगायची की हौदाचं मी घातलंय. मग सगळ्यांच्या हातात मोठ्या पडद्याचे फोन आले, मेंढपाळांचे आपले ग्रूप झाले, आणि एका उन्हाळ्यात ऑफिसला एकही फोन आला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या ग्रूपात मला वैनीनंच घेतलं होतं. तिथं कुणी नवं शेत टाकलं की खाली वैनीचा आवाजी मेसेज यायचा, खणखणीत: "हौद हाय का नाय, त्ये आधी सांगा."

भाई आणि मी तोवर दुसऱ्या कामाला लागलो होतो. त्यांनी पर्लचंच आणखी एक नवं, हलकं फ्रेमवर्क शोधून काढलं होतं आणि पुन्हा खुर्च्या ओढायला सुरुवात केली होती. या वेळी दाराबाहेर जाऊन कडी मी वाजवली.